लिहिलं म्हणजे लिहिलं?

गेल्या महिन्यात माझा भाचा चार दिवस आमच्याकडे नेरुळला मुक्कामाला होता. त्याची नोकरी महापे इथल्या एका डेटा सेंटरमध्ये. रात्री जेवताना त्याला फोन आला आणि पुढचा अर्धा तास तो एकच वाक्य निरनिराळ्या तऱ्हेने बोलत होता, "अरे, पण ते डिस्कवर खरंच लिहिलं गेलंय का ते बघ!" आमटी निवून गेली. फोन ठेवल्यावर मी विचारलं, "काय रे, लिहिलं म्हणजे लिहिलं. त्यात खरंच आणि खोटंच काय?"

"मावशी, आमचा सगळा धंदा त्या एका प्रश्नावर चालतो."

मी मराठी माध्यमातून बी.ए. झालेली, जन्म वह्या तपासण्यात गेलेला. पण या वाक्याने मला झोप लागेना, त्याचं कारण शेवटी सांगते. त्यानंतर महिनाभर मी वाचत होते आणि भाच्याला छळत होते. जे कळलं ते माझ्या भाषेत मांडते.

पुण्याचं पेशवे दप्तर डोळ्यांसमोर आणा. कागद रुमालात बांधलेले, रुमाल फडताळात. कुठल्या रुमालात काय आहे, हे सांगणारी यादी वेगळी. रियासतकार सरदेसायांनी १९३०च्या दशकात त्यातून निवडक कागदांचे ४५ खंड काढले, ते रुमाल सोडून, बघून, पुन्हा बांधूनच. म्हणजे माहिती जाणणारा एकीकडे, कोठार दुसरीकडे आणि मध्ये रुमाल आणणारा शिपाई. संगणकातही हेच तीन गडी आहेत. जाणणारा म्हणजे डेटाबेस, कोठार म्हणजे स्टोअरेज, शिपाई म्हणजे नेटवर्क.

पहिल्या गड्याचा शास्त्रशुद्ध पाया आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७०च्या निबंधात घातला. त्या वाटेने बर्कली विद्यापीठात मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस सुरू केलं. १९९६ मध्ये त्याचं नाव पोस्टग्रेएसक्यूएल झालं, आणि ते आजही कुणालाही फुकट वापरता येतं, आतली रचना उघडून बघता येते. तिकडे स्वीडनमध्ये १९९५ साली मायएसक्यूएल निघालं. कर्त्यांपैकी मायकेल विडेनियस यांच्या मुलीचं नाव माय, तेच या बाळाला दिलं. (आपल्याकडे मुलीच्या नावाने दुकान काढतात, तसंच की!)

शिपायाची गोष्ट सन मायक्रोसिस्टिम्सची. १९८२ साली ही कंपनी काढणाऱ्या चौघांपैकी विनोद खोसला यांचा जन्म पुण्याचा. सनने १९८४ मध्ये एनएफएस नावाची पद्धत आणली. दुसऱ्या यंत्रावरची फाईल आपल्याच यंत्रावर असल्यासारखी उघडायची, मधली तार दिसतच नाही. फार सोयीचं. पण इथेच मेख आहे.

फाईल वाचताना शिपाई उशिरा आला तरी चालतं. लिहिताना मात्र तो "ठेवलं हो बाई फडताळात" म्हणाला, आणि कागद अजून त्याच्या काखेतच असला तर? एनएफएसचा जुना नियम कडक होता: कागद डिस्कवर टेकल्याशिवाय "झालं" म्हणायचं नाही. त्यामुळे काम फार संथ चाले. मग वाटा निघाल्या. १९९२ साली स्थापन झालेल्या नेटॲपने बॅटरीवर जिवंत राहणाऱ्या स्मृतीत आधी लिहून ठेवायची सोय केली, म्हणजे वीज गेली तरी मजकूर शाबूत. ही प्रामाणिक वाट. १९९५ च्या तिसऱ्या आवृत्तीत "आधी घे, नंतर मी विचारीन तेव्हा पक्कं कर" अशी रीतसर मुभा आली. तीही प्रामाणिक. पण काही ठिकाणी सरळ न टेकवताच "झालं" म्हणायची सवलत असे. लिनक्सच्या सुरुवातीच्या एनएफएस साधनांत तर तीच मूळ मांडणी होती. वेग मस्त, वीज जाईपर्यंत.

डेटाबेसचं यावर काय म्हणणं? तो आपल्या किराणा दुकानदारासारखा आहे. दुकानदार आधी कीर्द लिहितो, मग सवडीने खतावणी. पोस्टग्रेएसक्यूएलमध्ये २००१ सालच्या ७.१ आवृत्तीपासून अशी कीर्द आली. बदल आधी कीर्दीत पक्का करायचा, मगच गिऱ्हाइकाला "नोंदलं" म्हणायचं. मध्येच दिवे गेले तर कीर्दीवरून खतावणी पुन्हा उभी करता येते. पण कीर्दच शिपायाच्या काखेत राहिली तर दुकान बुडालं! म्हणून त्यांच्या मार्गदर्शिकेत स्पष्ट लिहिलंय की आम्ही एनएफएससाठी वेगळं काही करत नाही, ते घरच्या डिस्कसारखंच वागेल असं धरून चालतो. कोठाराने टेकवल्याशिवाय "झालं" म्हणू नये, आणि उत्तर आलं नाही तर कंटाळून परतायचं नाही, दारात उभं राहायचं. आणखी एक धोका भाच्याने सांगितला. एका वहीत दोन कारकुनांनी एकाच वेळी लिहू नये म्हणून डेटाबेस वहीवर खूण ठेवतो, पण ती खूण त्याच यंत्रापुरती. कोठार सामाईक असलं की दुसऱ्या यंत्रावरच्या कारकुनाला पहिला जिवंत आहे की नाही, हे धड कळत नाही. दोघे लिहू लागले की वहीचा चिवडा.

गंमत बघा, २००८ साली सनने सुमारे शंभर कोटी डॉलर मोजून मायएसक्यूएल विकत घेतलं. शिपाई आणि जाणकार एकाच घरात आले! संसार दोन वर्षंच टिकला. २०१० मध्ये ओरॅकलने सनच घेतली. विडेनियस यांनी त्याआधीच नवा डेटाबेस काढला होता, त्याला धाकट्या मुलीचं, मारियाचं नाव देऊन मारियाडीबी.

पण मला चटका लावला तो २०१८ मधल्या प्रकाराने. पोस्टग्रेएसक्यूएलच्या लोकांना कळलं की डिस्कवर लिहिणं फसलं तर लिनक्स ते एकदाच सांगतं. पुन्हा विचारलं की "सगळं ठीक" म्हणतं, कारण फसलेला कागदही त्याने टेकवलेल्यांत मोजलेला असतो. आणि हे तर नेमकं पुन्हा विचारायचे! साधारण वीस वर्षं हा भाबडेपणा चालला होता. २०१९ च्या फेब्रुवारीत त्यांनी दुरुस्ती केली: एकदा "फसलं" ऐकलं की पुन्हा विचारायचं नाही, सरळ काम थांबवायचं आणि कीर्दीवरून नव्याने उभं राहायचं. जगभरच्या हुशार माणसांनी उघडपणे "आमचं चुकलं" म्हणणं मला फार मोलाचं वाटलं.

आता माझं कारण.

२००३ च्या जूनमध्ये मी एका शाळेत प्रवेशाचं काम बघत होते. ऑफिसात दोन संगणक आले होते. एकावर नोंद करायची, ती तारेतून दुसऱ्यात साठायची. एक कातकरी बाई मुलीला घेऊन आली. जन्मतारीख? "नागपंचमीला झाली, बाई. त्या वर्सी घर वाहून गेलं होतं." मी जुनं पंचांग काढलं, तारीख शोधली आणि कारकुनाला सांगितली. पडद्यावर "जतन केले" असं आलं. मी खूश! आमच्या पिढीतल्या हजारो मुलांची जन्मतारीख गुरुजींनी १ जून टाकलेली, निदान ही एक पोर त्यातून सुटली.

दुपारी वीज गेली. त्या दिवसाच्या नोंदी दुसऱ्या यंत्रात पोचल्याच नव्हत्या. फॉर्म भरून घेतले होते त्यांच्या नोंदी परत झाल्या. हिचा फॉर्मच नव्हता, सगळं तोंडी. हजेरीपटात नाव होतं, तारीख नव्हती. मी आठवडाभर रजेवर होते. परत आले तेव्हा आई वीटभट्टीच्या कामाला लांब गेलेली आणि जनरल रजिस्टरात लिहिलेलं: १ जून. पंचांगातली तारीख मी कुठेच टिपून ठेवली नव्हती, आणि ते कोणत्या वर्षाचं होतं तेही आठवेना. वह्या तपासणाऱ्या बाईने चिठोऱ्यावरसुद्धा लिहिलं नाही. पडदा म्हणाला "जतन केले", आणि मी विश्वास ठेवला.

जनरल रजिस्टरातलं दाखल्यावर येतं, दाखल्यावरचं जन्मभर चिकटतं. ती मुलगी आता तिशीकडे आली असेल. तिच्या सगळ्या कागदांवर १ जून असणार.

हे सगळं भाच्याला सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मावशी, तुमच्या यंत्राने टेकवायच्या आधीच 'झालं' म्हटलं." बावीस वर्षांनी मला कारण कळलं. तारीख नाही कळली.

असो. परवापासून दुधाचा हिशेब मी पुन्हा वहीत लिहू लागले आहे. आणि भाच्याचा जेवताना फोन आला की आता मी रागावत नाही. आमटी पुन्हा गरम करते.