पाठीवरचं शिसं

फार लॅपची गोष्ट लोक बहुतेकदा त्याच्या मृत्यूपासून सांगायला घेतात. विष, गुंड, अमेरिका असा सगळा मसाला त्यात आहेच. मला मात्र तीन आकडे जास्त बोलके वाटतात : ४७, ६२.५ आणि ६८. मेलबर्न कपच्या तीन शर्यतींत, १९२९, १९३० आणि १९३१ साली, या घोड्याने पाठीवर वाहिलेले हे किलो.

मेलबर्न कप ही हँडिकॅप शर्यत. आपल्या महालक्ष्मीला आणि पुण्यातही अशा शर्यती होतात. घोडा जितका चांगला, तितकं त्याच्या पाठीवर ओझं जास्त. जॉकी हलका असेल तर खोगिराजवळच्या पिशव्यांत शिसं भरून वजन पुरं करायचं. दुबळ्या घोड्यालाही संधी मिळावी, शर्यत चुरशीची व्हावी आणि बेटिंगला रंग चढावा, हा त्यामागचा हिशेब. थोडक्यात, जिंकलास तर पुढच्या वेळी जास्त वाहायचं.

फार लॅप जन्मला १९२६ साली, न्यूझीलंडमधल्या टिमारू गावाजवळ. सिडनीचा ट्रेनर हॅरी टेलफर्ड याच्या खिशात पैसे नव्हते. त्याने डेव्हिड डेव्हिस या अमेरिकन व्यापाऱ्याच्या गळी उतरवून हे शिंगरू न पाहताच घ्यायला लावलं, १६० गिनींना. बोटीतून उतरलं ते काटकुळं, बेढब, तोंडभर चामखिळी असलेलं जनावर. डेव्हिस भडकला. ट्रेनिंगचा खर्च देणार नाही म्हणाला, आणि शेवटी घोडा टेलफर्डलाच तीन वर्षांच्या कराराने देऊन मोकळा झाला. नाव ठेवलं ‘फार लॅप’. थाई भाषेत त्याचा अर्थ लखलखणारी वीज. ही वीज पहिल्याच शर्यतीत शेवटची आली.

पुढे मात्र ५१ शर्यतींत ३७ विजय. सुरुवातीचे पराभव वगळले तर शेवटच्या ३५ पैकी ३२. मंदीचा काळ होता, ऑस्ट्रेलियात माणसं कामाविना फिरत होती. हातात काहीच उरलेलं नसताना हा एक घोडा तेवढा दर शनिवारी जिंकायचा. लोकांनी त्याला आपला मानला, यात नवल नाही.

१ नोव्हेंबर १९३०. सकाळचा सराव आटोपून मोतद्दार टॉमी वुडकॉक त्याला तबेल्याकडे नेत होता. स्वतः एका तट्टावर, फार लॅपचा लगाम हातात. एका मोटारीतून बंदुकीचा बार निघाला. वुडकॉकने तट्टू मध्ये घातलं आणि नेम चुकला. झाडणारे कधीच सापडले नाहीत. कारण मात्र सगळ्यांना ठाऊक असल्यासारखं होतं. कॉलफिल्ड कपला अमूनिस आणि मेलबर्न कपला फार लॅप, अशा जोडीवर बुकींनी भरपूर पैसे घेतले होते. अमूनिस जिंकून बसला होता. आता फार लॅप जिंकला तर कित्येकांचं दिवाळं.

त्याच दुपारी फार लॅप धावला आणि जिंकला. मग त्याला जीलाँगजवळच्या एका स्टडफार्मवर लपवलं. मंगळवारी ६२.५ किलो घेऊन त्याने कप जिंकला. गुरुवारी पुन्हा जिंकला, शनिवारी पुन्हा. आठ दिवसांत चार शर्यती! आज कुठलाही मालक असं धाडस करणार नाही, आणि करूही नये.

पुढच्या वर्षी हँडिकॅपरने ६८ किलो लादले. दोन मैल, ६८ किलो. फार लॅप आठवा आला. बंदुकीने जमलं नाही ते शिशाने जमवलं, तेही पूर्णपणे नियमात बसून.

मग डेव्हिसने त्याला बोटीने उत्तर अमेरिकेला नेलं. टेलफर्ड मागेच राहिला, वुडकॉक सोबत गेला. २० मार्च १९३२ रोजी मेक्सिकोत तिहुआनाजवळ आग्वा कालिएन्ते हँडिकॅप होती. इथे वजन फक्त ५८.५ किलो. खूर चिरलेला असूनही तो जिंकला. त्यानंतर दोन आठवड्यांनी, ५ एप्रिलच्या सकाळी, कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कला वुडकॉकला तो तापाने फणफणलेला, वेदनेने तळमळताना दिसला. काही तासांत सगळं संपलं.

२००८ साली शास्त्रज्ञांनी त्याच्या आयाळीचे केस तपासले. मृत्यूपूर्वीच्या दीड दिवसाच्या आसपास बरंच आर्सेनिक पोटात गेल्याचं त्यांनी सांगितलं. पण तेव्हाच्या घोड्यांच्या टॉनिकांत आर्सेनिक सर्रास असायचं. टेलफर्डच्या वहीतही तशा कृती आहेत. म्हणजे मारेकऱ्याचा हात की मापाचा चमचा, हे केसावरून कळत नाही. मला चमचा जास्त शक्य वाटतो. गुंडांची गोष्ट अर्थातच जास्त विकली जाते.

मेल्यावर त्याची वाटणी झाली. पेंढा भरलेलं कातडं मेलबर्नला, सांगाडा वेलिंग्टनला, ६.२ किलोचं हृदय कॅनबेराला. तिथे काचेपलीकडे ते बघायला आजही लोक थांबतात.

वुडकॉक त्याला ‘बॉबी’ म्हणायचा. पुढे तो स्वतः ट्रेनर झाला. १९७७ साली, सत्तरी ओलांडल्यावर, त्याचा रेकलेस नावाचा घोडा मेलबर्न कपला धावला. सगळं मैदान म्हाताऱ्याच्या बाजूने होतं. रेकलेस दुसरा आला.