नाणेघाटाची पायवाट

श्रोतेहो, तुमच्या गावातली सर्वांत जुनी वस्तू कोणती, असे कुणी विचारले तर तुम्ही काय दाखवाल? कुणी देऊळ दाखवील, कुणी वेशीजवळचा वीरगळ, कुणी पाटलाच्या वाड्याचा बुरूज. वाट मात्र सहसा कुणी दाखवणार नाही. वाट ती काय, पायाखालची! पण पुष्कळदा आधी वाट असते आणि मग तिच्या कडेला देऊळ उभे राहते. आज मी तुम्हांला अशाच एका वाटेने घेऊन जाणार आहे. ती कोकणातून निघते, नाणेघाट चढते आणि कुकडी नदीच्या खोऱ्यातून जुन्नरला पोचते. निदान दोन हजार वर्षे माणसे या वाटेने चालत आली आहेत.

वाट इथेच का पडली, हे आधी पाहू. पश्चिमेला समुद्र. त्याच्या काठी सोपारा आणि कल्याण ही जुनी बंदरे. पूर्वेला देशावर पैठण, सातवाहन राजांची राजधानी. मध्ये सह्याद्रीची उभी भिंत. बंदरात उतरलेला माल देशावर न्यायचा आणि देशावरचा माल बंदरात आणायचा, तर या भिंतीत कुठे तरी दार हवे. आपले घाट म्हणजे अशी दारे. नाणेघाट चढून वर आले की कुकडीचे खोरे पूर्वेकडे उघडते. नदीने वाट आधीच दाखवून ठेवलेली असते; माणसाने तिच्या कडेने चालायचे एवढेच.

आता कोकणातल्या वैशाखऱ्याहून चढायला लागू. आधी रान, मग चढण, मग दगडांनी बांधलेल्या पायऱ्या. घाम निघतो, छाती भरून येते, आणि माथा थोडा राहिला असताना एक लेणे लागते. लेणे म्हटले की आपल्याला देव आठवतो. इथे वाटसरूने दम खावा, पावसात अंग कोरडे ठेवावे अशी ही जागा. पण तिच्या दोन्ही भिंतींवर ब्राह्मी लिपीत आणि प्राकृत भाषेत एक मोठा लेख कोरलेला आहे. सातकर्णी राजाची राणी नागनिका हिचा हा लेख, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि तो सुमारे इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकातला समजतात. राजाराणीने कोणते यज्ञ केले, त्यांत काय दक्षिणा दिली, त्याची ही यादी. अश्वमेध आहे, राजसूय आहे. एका यज्ञाची दक्षिणा १७०० गाई आणि १० हत्ती. दुसऱ्या ठिकाणी २४,४०० कार्षापण, म्हणजे त्या काळची नाणी.

गुरुजींनी इथे थोडे थांबावे, कारण पुढची गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे. हे आकडे आपल्यासारखे लिहिलेले नाहीत. आपण १७०० लिहिताना एकावर सात आणि दोन शून्ये देतो. त्या लेखात हजाराचे एक चिन्ह आहे आणि सातशेचे दुसरे. शून्य नाही, आणि एकं-दहं-शतं ही स्थानेही नाहीत. शून्यावाचून हिशेब कसा ठेवीत असतील, हे मुलांना करून पाहू द्या, म्हणजे शून्याची किंमत त्यांना न सांगता कळेल. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८७६ साली या अंकांवर निबंध छापला. भारतातल्या अंकांच्या जुन्यांत जुन्या नमुन्यांत हे अंक मोडतात.

लेण्याच्या मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. त्यांची नावे वर कोरलेली आहेत: सिमुक सातवाहन, नागनिका, सातकर्णी आणि इतर. मूर्ती आज नाहीत. काहींच्या पावलांच्या खुणा तेवढ्या उरल्या आहेत.

घाटमाथ्यावर आलो की एक भला मोठा दगडी रांजण दिसतो. जकातीची नाणी यात टाकीत, म्हणून हा नाणेघाट, असे लोक सांगतात. घाटाच्या नावाची दुसरीही एक कथा आहे, नाना आणि गुणा या दोघा भावांची. गोष्टी गोड आहेत, जरूर सांगा. पण एवढे लक्षात ठेवा, की राणीच्या लेखात जकातीचा उल्लेख नाही. इतक्या रहदारीच्या घाटात जकात घेत असतील, हा तर्क मनाला पटतो. तरी तर्क तो तर्क आणि पुरावा तो पुरावा. मुलांना हा फरक शिकवायला या रांजणाइतकी चांगली वस्तू मिळायची नाही.

मंडळी, राजांची नावे आपण घेतली. आता दोन साध्या नावांकडे वळू. याच घाटात कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. एका टाक्यावर लिहिले आहे, की हे सोपाऱ्याच्या गोविंददासाचे दान. दुसऱ्या लेखात दामघोष नावाच्या माणसाच्या दानाची नोंद आहे, तीही राजाच्या तेराव्या वर्षाचा उल्लेख करून. टाक्याला त्या लेखांत ‘पोढी’ असा शब्द आहे. सोपारा समुद्राकाठी, घाट कितीतरी कोस लांब. त्या गोविंददासाला इथे टाके खोदावेसे का वाटले असेल? ज्याने हा घाट उन्हाळ्यात चढला आहे, त्याला हे विचारावे लागणार नाही. या डोंगरावर पावसाळ्यात आभाळ फाटते, आणि चैत्र लागला की ओढे कोरडे. वाट कितीही चांगली असू द्या, मध्ये पाणी नसेल तर बैल बसतो आणि माणूस मागे फिरतो.

आता खोऱ्यात उतरू. उजव्या हाताला जीवधन किल्ला, पुढे चावंड, त्याच्या जवळ पूर गावी कुकडेश्वराचे जुने कोरीव देऊळ. कुकडीचा उगम इथलाच. चावंडवर सात टाकी एकत्र आहेत, त्यांना सप्तमातृका म्हणतात. पुढे हडसर आणि मग शिवनेरी, जिथे १६३० साली शिवाजी महाराज जन्मले. एका खोऱ्याच्या राखणीला एवढे किल्ले का? कारण खोऱ्यातून वाट जाते, आणि वाट ज्याच्या हाती, त्याच्या हाती धान्य, मीठ आणि जकात.

जुन्नरच्या भोवती दीडशेहून अधिक लेणी आहेत. त्यांतले दानलेख वाचले की बाजारच डोळ्यांपुढे उभा राहतो. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, एक लेणे आणि टाके दिले. बुरुडांच्या आणि कासारांच्या श्रेणींकडे दानाची रक्कम ठेव म्हणून ठेवल्याची नोंद आहे, तेव्हा या कारागिरांची पत किती असेल ते पाहा. इरिल नावाच्या यवनाने दोन टाकी दिली. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचे परदेशी लोक. नहपान राजाचा अमात्य अयम याने टाके आणि मंडप दिला. राजे बदलले, सातवाहन गेले, क्षत्रप आले. परदेशी आला, गावचा वाणी आला. ज्याला ज्याला या वाटेवर पुण्य जोडायचे होते, त्याला पाण्याची आठवण झाली.

अशी नांदती वाट ओस कशी पडते, तेही ऐका. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक दर्यावर्दी पुस्तकात लिहिले आहे, की कल्याणला आलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जात. म्हणजे राजकारण फिरले की बंदर बसते, आणि बंदर बसले की घाटही सुना होतो. पुढे पुन्हा रहदारी वाढली, बैलांच्या पाठीवर गोण्या लादून तांडे चालत राहिले. पण १८३० साली बोरघाटात गाडीरस्ता खुला झाला. १८६३ साली त्याच घाटातून आगगाडी चढली आणि १८६५ साली थळघाटातूनही. जो माल शंभर बैल वाहत, तो एका डब्यात मावू लागला. नाणेघाटाशी कुणी वैर केले नाही. लोकांचे पाय दुसरीकडे वळले, इतकेच. आज कुकडीवर माणिकडोहचे धरण आहे आणि खोऱ्याच्या एका भागात पाणी पसरले आहे.

तरी वाट मेलेली नाही. घाटघरच्या परिसरातले महादेव कोळी बांधव या डोंगरवाटांनी हिरडा गोळा करायला जातात. शहरातली तरुण मंडळी पावसाळ्यात घाट चढायला येतात; कुणी चालतात, कुणी हौसेने धावतातही. येऊ द्या, वाटेला पाय हवेतच. दुःख एवढेच, की काही जण अक्षरांवर हात फिरवतात, खडूने रेघा ओढतात, दगडावर आपले नाव खरडतात. दोन हजार वर्षे वारापाऊस सोसलेले अक्षर एका खिळ्याने जाते. टाक्यात बाटल्या टाकणाऱ्याने तर गोविंददासाचे दानच बुडवले म्हणायचे. त्यानेही दगडावर नाव कोरवले होते, पण आधी पाणी दिले होते.

तेव्हा गुरुजी, एक काम करून पाहा. सगळ्यांनाच नाणेघाटात जाणे जमणार नाही. आपल्याच गावची जुनी वाट शोधा. डांबरी सडक होण्यापूर्वी बाजाराला कुठून जात, ते म्हाताऱ्या माणसांना विचारा. मुलांना घेऊन ती वाट चाला. पाणी कुठे आहे, सावलीचे झाड कुठे, ओझे टेकवायचा दगड कुठे, ते वहीत लिहून घ्या. बुजलेले टाके किंवा बारव सापडली तर गावाला सांगा. गाळ काढण्याजोगा असेल तर चार हात जमवा. कोरीव अक्षर दिसले तर मात्र त्याला हात लावू नका, जाणत्याला कळवा.

घरी आल्यावर मुलांना एवढेच विचारा: या वाटेवर तुम्ही काय ठेवून जाल? उत्तराची घाई करू नका. रात्रभर विचार करू द्या.