सिनसिनाटीचे विमान-केंद्र : उदय आणि संकोच

प्रादेशिक विमान कंपनीने एखाद्या गावाची सेवा बंद केली म्हणजे त्या घटनेची कारणमीमांसा बहुधा एका वाक्यात आटोपली जाते : उतारू पुरेसे नव्हते. हे विधान खोटे नसले तरी अपुरे आहे. अमेरिकेतील सिनसिनाटी शहराच्या विमानतळाचा १९७८ ते २०१२ या काळातील इतिहास पाहिला असता असे दिसते की, जिच्या नावावर मार्ग बंद केल्याची नोंद होते ती कंपनी त्या क्रियेची पुष्कळदा केवळ व्याकरणापुरती कर्ता असते. निर्णयाचा खरा कर्ता अन्यत्र असतो, आणि शहराचे स्वतःचे उतारू किती, हा प्रश्न त्याच्या हिशेबात दुय्यम ठरू शकतो.

अमेरिकेत कोणत्या कंपनीने कोणत्या मार्गावर व किती भाड्याने विमाने चालवावी हे १९३८ पासून सरकारी मंडळ ठरवीत असे. २४ ऑक्टोबर १९७८ रोजी राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी नियंत्रणमुक्तीच्या कायद्यावर सही केली आणि ही व्यवस्था क्रमाक्रमाने मोडीत निघाली. १९८४ अखेर ते मंडळच विसर्जित झाले. मार्ग निवडण्याचे स्वातंत्र्य मिळताच मोठ्या कंपन्यांनी आपली उड्डाणे गाडीच्या चाकासारखी रचली : मध्ये तुंबा, भोवती आरे. अनेक गावांची विमाने ठराविक वेळी मध्यवर्ती विमानतळावर उतरावयाची, उतारूंनी तेथे विमान बदलावयाचे आणि थोड्याच अवधीत ती सर्व विमाने पुन्हा चहूदिशांना जावयाची, असा हा क्रम होता.

या रचनेचे सामर्थ्य तिच्या गणितात आहे. केंद्राला चाळीस गावे जोडली तर केंद्र धरून गावागावांच्या ८२० जोड्यांमधील प्रवास शक्य होतो. वीस गावे जोडली तर अवघ्या २१० जोड्या उरतात. म्हणजे आरे निम्म्याने घटले की प्रवासाच्या शक्यता जवळजवळ चौथाईवर येतात. केंद्राची वाढ जशी झपाट्याने होते तसाच त्याचा ऱ्हासही होतो, याचे एक कारण येथे सापडते. एक मार्ग गळला की त्या मार्गाने येऊन पुढे जाणारे उतारू इतर सर्व मार्गांना कमी पडतात, आणि काल नफ्यात असलेला मार्ग आज तोट्यात जातो.

सिनसिनाटी हे ओहायो नदीकाठचे मध्यम आकाराचे शहर. त्याचा विमानतळ नदीपलीकडे केंटकी राज्यात आहे. डेल्टा या मोठ्या कंपनीने १९८० नंतरच्या दशकात तेथे आपले दुसऱ्या प्रतीचे केंद्र उभारले. तिचे मुख्य केंद्र अटलांटा येथे होते. सिनसिनाटीच्या आसपासच्या लहान गावांतून उतारू गोळा करण्याचे काम कॉमएअर या १९७७ मध्ये तेथेच स्थापन झालेल्या प्रादेशिक कंपनीकडे आले. १९८४ पासून ती डेल्टाच्या नावाने उड्डाणे करू लागली. १९९३ मध्ये तिने पन्नास आसनांची जेट विमाने आणली. पंख्याच्या लहान विमानांपेक्षा ती वेगवान होती आणि दूरचा पल्ला गाठीत. ज्या गावांना मोठे जेट परवडले नसते तीही त्यांच्यामुळे केंद्राच्या कक्षेत आली. १९९४ मध्ये या कंपनीसाठी विमानतळावर स्वतंत्र इमारत उभी राहिली. पुढे डेल्टाने कॉमएअर पूर्णतः विकत घेतली. भरभराटीच्या काळात या केंद्रातून दररोज ६०० हून अधिक विमाने सुटत, आणि २००५ मध्ये विमानतळावरील उतारूंची संख्या सव्वादोन कोटींच्या वर गेली.

परंतु यांतील बहुसंख्य उतारू सिनसिनाटीचे नव्हते. ते केवळ विमान बदलण्यासाठी तेथे उतरत. शहराने ज्याला आपले वैभव मानले ते वस्तुतः दुसऱ्याच्या वेळापत्रकावर उभे होते. अशा उतारूला अटलांटामार्गे नेले काय किंवा सिनसिनाटीमार्गे नेले काय, कंपनीच्या दृष्टीने फारसा फरक पडत नव्हता.

या वैभवाला तीन बाजूंनी ग्रहण लागले. पहिली बाजू वेतनाची. प्रादेशिक कंपनी स्वस्त असते ती बहुतांशी तिचे कर्मचारी नवे असतात म्हणून. वर्षे लोटली की सेवाज्येष्ठतेनुसार वेतन चढते आणि काम दुसऱ्या, अधिक तरुण कंपनीकडे वळविणे मोठ्या कंपनीला सोयीचे वाटू लागते. २००१ मध्ये कॉमएअरच्या वैमानिकांचा संप ८९ दिवस चालला, त्यात हा संघर्ष उघड झाला. दुसरी बाजू इंधनाची. पन्नास आसनांच्या जेटलाही दोन वैमानिक व दोन इंजिने लागतातच. खर्च वाटून घ्यावयाला उतारू मात्र थोडे. जुलै २००८ मध्ये खनिज तेल पिंपाला १४७ डॉलरपर्यंत चढले तेव्हा ज्या विमानाने हे केंद्र वाढविले तेच त्याचे ओझे झाले. तिसरी बाजू विलीनीकरणाची. सप्टेंबर २००५ मध्ये डेल्टाने दिवाळखोरीच्या न्यायालयाचा आश्रय घेतला आणि सिनसिनाटीतील उड्डाणे कमी करण्यास प्रारंभ केला. २००८ मध्ये नॉर्थवेस्ट कंपनी तिच्यात विलीन झाल्यावर डेट्रॉइटचे मोठे केंद्र तिच्या हाती आले. ते सिनसिनाटीपासून हवाई मार्गाने सुमारे ३७० किलोमीटरवर आहे. एकाच प्रदेशात एकाच कामाची दोन केंद्रे ठेवण्याचे प्रयोजन उरले नाही.

२००९ मध्ये कॉमएअरची इमारत बंद झाली व पुढे ती पाडण्यात आली. २९ सप्टेंबर २०१२ रोजी कंपनीच बंद झाली. २०१३ मध्ये विमानतळावरील उतारूंची संख्या साठ लाखांहून खाली आली होती. शहराची लोकसंख्या या आठ वर्षांत काही चौथाईवर आली नव्हती. तेव्हा ‘उतारू नव्हते’ हे कारण येथे कार्य आणि कारण यांची अदलाबदल करते.

हानी कोणाची झाली, याचे उत्तर मात्र सरळ नाही. लहान गावांचे दुवे तुटले आणि कॉमएअरच्या कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या गेल्या. केळ्यांच्या व्यापारातील चिकीटा कंपनीने आपले मुख्यालय शार्लटला हलविण्याचे २०११ मध्ये जाहीर केले, त्याच्या कारणांत तेथील विमानसेवेची सोय हे एक होते. उलटपक्षी, एकाच कंपनीच्या वर्चस्वाच्या काळात सिनसिनाटीची भाडी देशातील सर्वांत चढ्या भाड्यांत मोडत. ते वर्चस्व ओसरल्यावर २०१३ मध्ये फ्रंटियर, २०१४ मध्ये अलीजियंट आणि २०१७ मध्ये साउथवेस्ट या स्वस्त सेवा तेथे आल्या. २०१९ पर्यंत उतारूंची संख्या पुन्हा नव्वद लाखांच्या वर गेली, आणि या वेळी त्यांतील बहुतेक त्या परिसरातले होते. लहान गावांना मात्र अशी भरपाई मिळाली नाही. स्वस्त सेवा मोठी विमाने भरणाऱ्या शहरांकडेच वळल्या.

तात्पर्य, प्रादेशिक सेवेच्या संकोचाचा अभ्यास करताना केवळ त्या गावातील उतारूंची गणती करून भागत नाही. मार्ग कोणाच्या कराराने चालतो, विमान किती आसनांचे आहे, उतारू गावचा आहे की वाटेवरचा, आणि त्याच कंपनीचे दुसरे केंद्र किती अंतरावर आहे, हे चार प्रश्न प्रथम विचारावे लागतात. सिनसिनाटीत त्यांपैकी एकाचेही उत्तर शहराच्या हाती नव्हते.