कापलेला जबडा जिवंत कसा राहतो? आत्याच्या एका प्रश्नाचा इतिहास

तुम्ही पेटची तयारी करत असाल किंवा पहिलं प्रपोजल लिहायला बसला असाल, तर "तुमचा रिसर्च क्वेश्चन काय?" हे वाक्य ऐकून ऐकून कान किटले असतील. आज अशाच एका प्रश्नाचा इतिहास सांगते. तो मला गाईडनं नाही, वेल्ह्याच्या आत्यानं विचारला.

मी भोरची. एमएस्सी प्राणिशास्त्रात केली आणि आता हाड कसं भरून येतं यावर पीएचडी करते आहे. माझ्या आतेबहिणीचा वरचा जबडा मागे आणि खालचा पुढे आहे. समोरच्या दातांनी तिला भाकरीचा तुकडाही तोडता येत नाही. आधी ब्रेसेस लावायच्या आणि मग वरचा जबडा कापून पुढे आणायचा, असं डॉक्टरांनी सांगितलं. नसरापूरमार्गे स्वारगेट अशा दर महिन्याला एसटीच्या फेऱ्या सुरू झाल्या. पण वर्षभरात चेहरा सुधारायचा सोडून हनुवटी आणखीच पुढे दिसायला लागली. लोक बोलायला लागले. "तारा काढून टाकते," म्हणून ती हटून बसली. त्यात आत्यानं मला विचारलं, "अगं, जबडा कापून सुटा केला तर तो मरायचा नाही का?"

मला उत्तर देता आलं नाही. "डॉक्टर रोज करतात गं," म्हणून वेळ मारून नेली. हाडांवर पीएचडी करणारीला हे शोभत नाही, म्हणून वाचायला बसले.

पहिला धागा पुण्याजवळच सापडला, पण जबड्याचा नाही, नाकाचा. ऑक्टोबर १७९४ मध्ये लंडनच्या 'जंटलमन्स मॅगझिन'मध्ये एक पत्र छापून आलं. कावसजी नावाचा बैल हाकणारा इंग्रजांच्या सैन्याबरोबर होता. टिपूच्या लोकांनी त्याला पकडून त्याचं नाक आणि एक हात कापला. वर्षभरानंतर पुण्याजवळच्या एका माणसानं त्याला नवीन नाक करून दिलं. आधी मेणाचं नाक बनवलं, ते सपाट करून कपाळावर ठेवलं आणि त्या आकाराची कातडी सोडवून खाली वळवली. दोन भुवयांच्या मधली एक छोटी पट्टी मात्र कापली नाही. रक्त त्या पट्टीतून येत राहिलं. नवं नाक जागेवर जोडलं गेल्यावर, साधारण पंचविसाव्या दिवशी, ती पट्टी कापली. हे पत्र वाचून लंडनच्या कार्प्यू या सर्जननं १८१४ मध्ये तिथे ही शस्त्रक्रिया केली.

आत्याला हे सांगितलं तर ती लगेच म्हणाली, "आंब्याचं भेटकलमच की! जोड धरेपर्यंत मूळ झाडापासून तोडायचं नाही."

इथे तुमच्यासाठी दोन गोष्टी. एक, पत्रात कावसजीला मराठा शेतकरी म्हटलंय, पण नाव पारशी वाटतं. साधन वाचताना असं काही खटकलं, तर पुढे जाऊ नका, तिथे थांबा. दोन, ज्यानं शस्त्रक्रिया केली त्याचं नाव पत्रात नाहीच. फक्त तो वीट करणाऱ्या जातीचा होता एवढं दिलंय. कोणाचं नाव नोंदलं गेलं नाही, हीसुद्धा माहितीच असते.

आता जबड्याकडे येऊ. १८४९ मध्ये अमेरिकेतल्या हलिहेननं भाजल्याच्या व्रणांमुळे वाढलेला आणि पुढे आलेला खालचा जबडा कापून मागे घेतला. झुरिकच्या ओब्वेगेसरनं १९५० च्या दशकात खालच्या जबड्याचं हाड उभं चिरून दोन थर एकमेकांवर सरकवण्याची पद्धत आणली. हाडाला हाड रुंद पृष्ठभागानं टेकतं, म्हणून ते चांगलं भरून येतं. आजही ही पद्धत वापरली जाते.

अडचण होती वरच्या जबड्याची. १९०१ मध्ये ले फोर्टनं मृतदेहांवर प्रयोग करून चेहऱ्याची हाडं ठरावीक रेषांवर तुटतात हे दाखवलं होतं. त्यातल्या सगळ्यात खालच्या रेषेवर कापलं तर दातांसकट वरचा जबडा सुटा होतो. पण १९२७ मध्ये वासमुंडनं या रेषेवर कापूनसुद्धा जबडा पूर्ण सुटा केला नाही. नंतर रबराच्या ताणानं तो हळूहळू ओढला. सुटा केला तर रक्त थांबेल आणि हाड मरेल, हीच भीती होती. म्हणजे आत्याचा प्रश्न या क्षेत्रात कित्येक दशकं उभा होता. १९६० च्या दशकात ओब्वेगेसरनं जबडा पूर्ण सुटा करून पुढे आणून दाखवला. तरी तो जगतो का आणि कसा, हे कळायचं बाकी होतं.

ते अमेरिकेतल्या विल्यम बेलनं तपासलं. १९६९ पासून त्यानं माकडांवर अशा शस्त्रक्रिया केल्या, मग रक्तवाहिन्यांत द्रव्य भरून रक्त कुठवर पोचतं ते पाहिलं. १९७५ च्या निबंधात उत्तर स्पष्ट होतं: टाळूचं आणि हिरड्यांचं मऊ आवरण जोडलेलं ठेवलं, तर कापलेल्या हाडाला त्यातूनच रक्त मिळतं आणि ते भरून येतं. त्यानंतर ही शस्त्रक्रिया नेहमीची झाली.

नाकाची पट्टी आणि टाळूचं आवरण यांच्यात साम्य आहे, पण याला वारसा म्हणू नका. साम्य दिसलं की सरळ रेषा ओढायची, ही इतिहास लिहिताना आपण हमखास करतो ती चूक.

मग बहिणीची हनुवटी आणखी पुढे का दिसायला लागली? जबडे मागेपुढे असले की दात वर्षानुवर्षं तिरके होऊन ते अंतर झाकतात. ब्रेसेस दातांना आपापल्या हाडावर सरळ उभं करतात, आणि मग जबड्यांमधलं खरं अंतर उघडं पडतं. तेवढंच अंतर सर्जनला भरून काढायचं असतं. या टप्प्याला बऱ्याचदा वर्ष ते दीड वर्ष लागतं. आता सीटी स्कॅनवरून संगणकात आधीच शस्त्रक्रिया आखतात, दातांत बसवायची पट्टी थ्रीडी प्रिंटरवर काढतात, आणि टायटॅनियमच्या प्लेटांमुळे जबडे आठवडेच्या आठवडे तारेनं बांधून ठेवावे लागत नाहीत. काही ठिकाणी सर्जरी आधी आणि ब्रेसेस नंतर असंही करतात, पण ते प्रत्येकाला चालत नाही.

हे सगळं कागदावर चित्र काढून बहिणीला दाखवलं. तिनं तारा काढल्या नाहीत. पुढच्या तपासणीला आत्याही तिच्याबरोबर एसटीत बसली.

तुम्हाला एक काम देते. तुमच्या विषयाशी काहीच संबंध नसलेल्या घरातल्या एका माणसाला आज तुमचा विषय समजावून सांगा. तो पहिला जो प्रश्न विचारेल, तो वहीत लिहून ठेवा, आणि मग त्याचं उत्तर कोणत्या साली, कोणी, कसल्या पुराव्यावर दिलं ते शोधा. उत्तर सापडलं तर रिव्ह्यूचा एक भाग लिहून झाला. नाही सापडलं तर तो प्रश्न घेऊन थेट गाईडकडे जा.