शून्याचा रकाना

2011 च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींचे प्रमाण 9.35 टक्के भरले. सातारा आणि सांगलीत ते एक टक्काही नाही. या जिल्ह्यांतल्या कितीतरी गावांच्या तक्त्यात त्या रकान्यात शून्य दिसते. ते वाचून इथे रानाशी बांधलेली माणसेच नाहीत असे कुणी धरून चालला, तर त्याने कोयनेच्या वरच्या अंगाला गवळी धनगरांच्या वाड्यावर जावे, मग गावकुसाच्या रामोशीवाड्यात, आणि शेवटी गायरानात पाल ठोकून बसलेल्या फासेपारध्यांकडे. या तिघांपैकी त्या रकान्यात मोजले जातात फक्त पारधी. रामोशी विमुक्त जातींत गेले, धनगर भटक्या जमाती 'क' मध्ये.

ही वाटणी कागदावर झाली, आणि कागद जुना आहे. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा साताऱ्याचा खंड 1885 चा. त्यात लोकसंख्या जातवार मांडली आहे. आजच्या सांगलीचा मोठा भाग तेव्हा साताऱ्यातच होता, दक्षिण सातारा वेगळा निघाला तो 1949 मध्ये. इंग्रजी अमलात गावाला रामोशी जागल्या म्हणून हवा होता, सरकारला तो चोर वाटत होता. रामोशी बंडाचे पुढारी उमाजी नाईक यांना 1832 मध्ये फाशी दिल्यानंतरही हा संशय फिटला नाही. पुढे 1871 चा गुन्हेगार जमाती कायदा आला, 1911 मध्ये त्याची व्याप्ती वाढली, आणि जन्मावरून माणसाला चौकीवर हजेरी लावायची पाळी आली. 31 ऑगस्ट 1952 रोजी तो कायदा गेला. 'गुन्हेगार' होते ते 'विमुक्त' झाले. पण अनुसूचित जमातींच्या यादीत रामोशांना जागा मिळाली नाही.

ती यादी 1950 ची. तिच्यात काही जमातींबरोबर मुलूखही लिहिलेला असे: एका तालुक्यात आदिवासी ठरलेला माणूस दुसरीकडे राहायला गेला की यादीबाहेर. 1976 च्या दुरुस्तीने ही अट काढली, आणि राज्यातला आकडा 1971 च्या 29.54 लाखांवरून 1981 मध्ये 57.72 लाखांवर गेला. दहा वर्षांत माणसे दुप्पट होत नसतात. इतर जातींनी जमातींशी असलेल्या नावसाधर्म्याचा फायदा घेतल्याचे आरोप झाले, जातपडताळणीची प्रकरणे कोर्टात गेली; त्यातले काही आरोप खरेही असतील. पण मूळ यादीच अपुरी होती, हे माझ्या मते जास्त खरे.

यादीबाहेर उरलेल्यांचे काय? सर्व जातींचे आकडे शेवटचे छापले गेले ते 1931 चे. 1951 पासून जनगणनेचे तक्ते जातीबाबत अनुसूचित जाती आणि जमाती एवढेच सांगतात. इथले रामोशी, धनगर, कैकाडी, वडार सगळे एकूण लोकसंख्येत विरघळले. गवळी धनगरांच्या डोक्यावरून तर कोयना धरण गेले, 1985 ची अभयारण्ये गेली, 2010 चा सह्याद्री व्याघ्र प्रकल्प गेला. म्हशी कुठे चारायच्या हा प्रश्न दरवेळी नव्याने उभा राहिला, आणि जनगणनेच्या तक्त्यात त्यांच्या नावाची ओळ एकदाही नव्हती.

येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय केंद्राने 30 एप्रिल 2025 रोजी जाहीर केला. प्रगणक गावठाणात फिरून परत जाईल, तर पुन्हा तेच होईल. ग्रामपंचायतींनी आपल्या हद्दीतला प्रत्येक धनगरवाडा आणि प्रत्येक पाल त्याला आधीच लिहून द्यावे.