अस्मानी, सुलतानी आणि कसब्यांतील निर्धन : गोंदिया प्रांतासंबंधीं कांहीं विचार

जुन्या वसुली कागदांत ‘अस्मानी सुलतानी’ ही जोडी इतकी वारंवार येते कीं, वाचणाराची दृष्टि तिच्यावरून सहज घसरून जाते. अवर्षण, अतिवृष्टि, गारपीट, टोळधाड ही अस्मानी. फौजेची पायमल्ली व जाळपोळ ही सुलतानी. कौलांत व इजाऱ्याच्या करारांत ती कां येते, हें मात्र क्षणभर थांबून पाहण्यासारखें आहे. दोहोंपैकीं कोणतीहि आपत्ति आल्यास सरकारदेण्यांत सूट मिळावी, एवढ्यापुरतीच तिची योजना असे. म्हणजे आपत्तीची नोंद ही वस्तुतः देण्याची नोंद होय. ज्याच्या नांवें जमीन आहे त्याचें दुःख दप्तरांत उतरतें. ज्याच्या नांवें कांहींच नाहीं, त्यास सूट ती कशाची देणार? कसब्यांतील हमाल, कांडपिणी, विणकर, मोलकरी यांची उपासमार यामुळेंच कागदावर क्वचित् येते. बखरकार तर धान्याचा भाव सांगून मोकळे होतात. प्रस्तुत लेखांत गोंदिया व जुना भंडारा जिल्हा यांच्या आधारें या उणिवेचा विचार कर्तव्य आहे.

गोंदिया हें शहर दप्तराच्या दृष्टीनें पोरकें आहे. जवळच्या कामठ्याच्या जमीनदारीस व लांजीच्या किल्ल्यास जुना इतिहास आहे. गोंदियास शहरपण दिलें तें आगगाडीनें. नागपूर-छत्तीसगड लोहमार्ग प्रथम अरुंद रुळांचा होता. तो १८८८ सालीं बंगाल-नागपूर कंपनीकडे गेला व पुढें रुंद झाला. १९०३ ते १९०५ या अवधींत सातपुड्यांतून जबलपूरकडे जाणारा फांटा खुला झाला आणि गोंदिया जंक्शन बनलें. १९०१ च्या खानेसुमारींत तेथें सुमारें साडेचार हजार माणसें होतीं. २०११ मध्यें ती संख्या १ लक्ष ३२ हजारांवर गेली. (नांव गोंड लोकांवरून पडलें कीं डिंकावरून, या वादांत येथें शिरत नाहीं.) ही वाढ तांदुळाच्या पेठेनें व विडीच्या धंद्यानें केली. गोदामावरील हमाल, भातगिरणीवरील मजूर आणि घरीं बसून तेंदूच्या पानाची विडी वळणाऱ्या बाया, हा या शहराचा पाया होय. जुना भंडारा जिल्हा मोडून १ मे १९९९ रोजीं गोंदिया जिल्हा वेगळा झाला. म्हणून त्यापूर्वींचा वृत्तांत भंडाऱ्याच्याच नांवाखालीं शोधावा लागतो.

हा तळ्यांचा मुलूख. एकोणिसाव्या शतकांतील गॅझेटियरकारांनीं भंडारा जिल्ह्यांत ३,६४८ तळीं मोजलीं. नवेगांवबांधचें तळें कोलू पाटील कोहळी यानें बांधिलें अशी परंपरा आहे. त्याचा घेर त्याच ग्रंथकारांनीं सतरा मैल सांगितला आहे. कोहळ्यांच्या या विद्येची स्तुति करावी तितकी थोडीच. परंतु तळ्याचें पाणी बांधाखालच्या शेतास मिळतें, पेठेंतल्या चुलीस नव्हे. शिवाय तळ्यासहि पाऊस लागतोच. १८९६-९७ चा दुष्काळ या जिल्ह्यास जबर बसला व १९०० चा त्याहूनहि जबर. १९०१ सालीं लोकसंख्या ६,६३,०६२ भरली. दहा वर्षांत शेंकडा ११ घट, आणि तिचें कारण दुष्काळ असेंच त्या काळच्या ग्रंथकारांनीं नमूद केलें आहे.

या अकरांत कसब्यांतील किती व खेड्यांतील किती, हें त्या आंकड्यावरून निघत नाहीं. तथापि दुष्काळाची रीति पाहतां अनुमान करितां येतें. शेतकऱ्याचें पीक बुडालें तरी कणगीच्या तळाशीं कांहीं उरतें, निदान बैल विकतां येतो. कांडपिणीचें तसें नाहीं. भात पिकलें नाहीं म्हणजे कांडावयास भात नाहीं. तिची मजुरी थांबते त्याच महिन्यांत तांदूळ महाग होतो. विणकराचेंहि तेंच. लोक पोटाला महाग झाले म्हणजे लुगडें कोण घेणार? पवनीच्या कोष्ट्यांचें सूत अवर्षणानें करपत नाहीं, पण त्यांचें गिऱ्हाईक करपतें. सरकारी दुष्काळ-नियमांनीं विणकरांस त्यांच्याच धंद्यांत काम देण्याची मुभा ठेविली होती, यावरून ही गोष्ट राज्यकर्त्यांच्याहि ध्यानांत आली होती असें दिसतें. १८९७ च्या धर्मादाय फंडाच्या चार उद्देशांत ‘गरीब पण अब्रूदार’ लोकांस साहाय्य हा एक उद्देश होता. तरी पैशाचा मोठा भाग चवथ्या उद्देशाकडे, म्हणजे कुणब्यांस बी व बैल देण्याकडे गेला. तें योग्यच होतें. पण जुनीच वहिवाट पुढें चालली, हें खरें.

ही वहिवाट किती जुनी? कौटिल्यानें चवथ्या अधिकरणांत अग्नि, उदक, व्याधि, दुर्भिक्ष इत्यादि आठ दैवी भयें सांगितलीं आहेत. पुराविषयीं त्याचा नियम मोठा माणुसकीचा आहे: वाहून जाणाऱ्यास भोपळे, पखाली, नावा, ओंडके यांनीं न वांचविणारास बारा पण दंड, मात्र ज्याच्याजवळ तरण्याचें साधनच नाहीं, त्यास माफी. असमर्थाचा असा विचार करणारा हाच ग्रंथकार दुसऱ्या अधिकरणांत आगीच्या भयास्तव नगरांतील गवताचीं व चटयांचीं छपरें काढून टाकावीं असें सांगतो. गवताचें छप्पर कोणाचें असतें हें सांगणें नको. तें काढल्यावर त्या माणसानें कोठें राहावें, याविषयीं तेथें शब्द नाहीं. नगररक्षणाच्या दृष्टीनें झोपडी हें भयाचें कारण ठरलें. भयानें ग्रस्त झालेलें घर म्हणून तिची गणना झाली नाहीं.

आतां अलीकडचें उदाहरण. २०२० च्या ऑगस्टअखेर मध्यप्रदेशांत अतिवृष्टि झाली, शिवनी जिल्ह्यांतील संजय सरोवराचें पाणी सोडलें गेलें, आणि वैनगंगेला महापूर आला. गोंदिया जिल्ह्यांतील नदीकांठचीं गांवें वेढलीं गेलीं. भंडारा शहराच्या सखल वस्त्यांत पाणी शिरलें. अशा प्रसंगीं पंचनामा होतो. त्या वेळीं लागू असलेल्या केंद्रीय मदत-निकषांप्रमाणें सपाट प्रदेशांतील पूर्ण पडलेल्या घरास ९५,१०० रुपये, व झोपडीस ४,१०० रुपये. तेवीस पटींहून अधिक अंतर! (२०२२ पासून हे आंकडे १,२०,००० व ८,००० झाले, राज्यशासनानें प्रसंगीं याहून अधिकहि दिलें आहे.) शिवाय घर अधिकृत बांधकाम असल्याचा दाखला पाहिजे. नाल्याच्या कडेस, रुळाच्या बाजूस ज्यानें पत्रे उभे केले, त्याच्यापाशीं तो कोठून असणार? शहरांत सखल जागा स्वस्त, म्हणून गरीब तेथें जातो. जागा सखल, म्हणून पाणी प्रथम तेथें येतें. आणि जागा त्याची नव्हे, म्हणून नुकसान त्याचें ठरत नाहीं. यांतील अस्मानी किती व सुलतानी किती, हें जुन्या कारकुनानेंहि विचारलें असतें.

विडीवालीचें नुकसान तर पंचनाम्याच्या कोणत्याच रकान्यांत बसत नाहीं. झडीच्या दिवसांत तंबाखू सर्दते, विडी वाळत नाहीं, छाट वाढते, आणि मजुरी तर भरलेल्या हजारावर. घर पडलें नाहीं, माणूस दगावलें नाहीं. केवळ आठ दिवसांचें अन्न गेलें.

आमचे संग्राहक बंधु सनदा, मोडी फर्दा, पोथ्या यांच्या शोधांत खेडीं पालथीं घालितात. त्यांनीं या प्रांतांत आणखी कांहीं वस्तूंकडे लक्ष पुरवावें अशी विनंति आहे. तांदुळाच्या अडत्यांच्या जुन्या वह्यांत दुष्काळी सालांतील हमालीचे दर असण्याचा संभव आहे. गिरण्यांचे हजेरीपट, विडी-कारखान्यांचीं हिशेबपुस्तकें, नगरपालिकांचीं ठरावबुकें, पंचनाम्यांच्या नकला हीं रद्दींत जाण्यापूर्वीं पाहिलीं पाहिजेत. आणि ज्या पत्र्याच्या पेटींत शिधापत्रिका, विडी-कामगाराचें ओळखपत्र व घरपट्टीची एखादी पावती असते, ती पेटीहि दप्तरच होय. पुरांत ती भिजली म्हणजे त्या कुटुंबाचा मदतीवरील हक्कच पुसट होतो. मग तेथें किती वर्षें राहिलों हें सिद्ध करण्यास दुसरें साधन राहत नाहीं.

भिजलेल्या कागदांविषयीं येथें सांगणें अवश्य आहे, कारण पूर ओसरतांच लोक ते भर उन्हांत पसरतात. तसें करूं नये. कागद आखडतो व शाई फिकी पडते. पानें ओढून सोडवूं नयेत. जीं आपोआप सुटतात तीं सावलींत, वाऱ्यावर, कोऱ्या टीपकागदावर पसरावीं व टीपकागद वारंवार बदलावा. चिकटलेला गठ्ठा जबरीनें न उलगडतां जाणत्याकडे पोंचवावा, आणि अक्षर वाचतां येतें तोंवर त्याची नक्कल अथवा छायाचित्र करून मूळ कागद ज्याचा त्यास परत द्यावा.