अकरा महिन्यांचें बिऱ्हाड

पालघर-बोईसरकडे भाड्याची खोली घेऊन रीतसर करार करणारा गृहस्थ कागदावर बहुधा भाडेकरू नसतोच. घरधन्याच्या अनुमतीनें राहणारा तो परवानेदार असतो. हा शब्दच्छल कोठून आला तें पाहण्याजोगें आहे.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस मुंबईंत जागांची टंचाई पडली, तेव्हां १९१८ सालीं भाडें बांधून देणारा कायदा झाला. दुसऱ्या युद्धानंतर १९४७ च्या कायद्यानें १ सप्टेंबर १९४० रोजीचें भाडें हेंच प्रमाण धरिलें. भाडेकरू तरला खरा. पण भाडें गोठलें, मालकानें डागडुजीकडे पाठ फिरविली आणि नव्या बिऱ्हाडासाठीं पागडी मागूं लागला. ज्यांस पागडीहि नको, त्यांनीं ‘लीव्ह अँड लायसन्स’ची वाट काढली. जागेवर हक्क कसलाच द्यावयाचा नाहीं, केवळ राहूं द्यावयाचें! पुढें १ फेब्रुवारी १९७३ रोजीं ज्यांचे असे करार चालू होते, त्या परवानेदारांस कायद्यानें एकदम भाडेकरू ठरविलें. मालकवर्गाची तेव्हां जी गाळण उडाली, ती आमच्या मतें अद्यापि ओसरलेली नाहीं.

तारापूरकडची भूमि त्याच सुमारास पालटत होती. १९६९ सालीं अणुवीजकेंद्र सुरू झालें. रसायनांचे व कापडाचे कारखाने घेऊन औद्योगिक वसाहत वाढली. केंद्राच्या नोकरांस वसाहत मिळाली. परप्रांतांतून आलेल्या कंत्राटी मजुरांस चाळींतील खोली पाहावी लागली. २०१३ मध्यें विरारची लोकल डहाणूपर्यंत गेली, २०१४ मध्यें पालघर जिल्ह्याचें ठिकाण झालें, आणि कारकून-शिक्षकांचीं बिऱ्हाडेंहि त्यांत मिळालीं.

३१ मार्च २००० पासून अमलांत आलेल्या महाराष्ट्राच्या नव्या कायद्यानें मालकाचें भय पुष्कळ हलकें केलें. मुदत संपल्यावर परवानेदारानें जागा न सोडल्यास दुप्पट आकार द्यावा, असें त्यांत आहे. परंतु करार लेखी हवा, तो नोंदविलेला हवा, नोंदविण्याची जबाबदारी मालकाची, आणि नोंद नसेल तर अटींविषयीं भाडेकरूचें म्हणणें, उलट सिद्ध होईतों, खरें धरावें, हेंहि त्यांतच आहे. आमच्या सुशिक्षित वाचकांपैकीं कितीजणांस हें ठाऊक असेल?

अकरा महिन्यांची मुदतहि अशीच जुन्या पळवाटेची खूण होय. १९०८ च्या नोंदणी-कायद्यान्वयें वर्षाहून अधिक मुदतीचा भाडेपट्टा नोंदवावा लागे. म्हणून वर्षांतला एक महिना कापला. आतां अकरा महिन्यांच्या करारासहि नोंदणी सुटत नाहीं, तरी आंकडा तोच राहिला. करार सरला कीं अनामत, दलाली, मुद्रांक हें सारें पुन्हां उभें राहतें.

एका खोलींत पाळीपाळीनें निजणाऱ्या मजुरांस एवढाहि कागद क्वचितच मिळतो. भाडें महिन्याच्या महिन्यास रोख जातें, पावती नसते. आणि बँकेंत वा शिधापत्रिकेसाठीं राहण्याचा पुरावा मागितला कीं दाखवावयास त्यांच्यापाशीं कांहींच नसतें.